रात्रीची स्टोइक झडती: वहीत नेमकं काय लिहायचं?

कोरा_कागद

स्टोइक ही प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांची एक परंपरा. तिच्यातल्या रोमन सेनेकाने क्रोधावरच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात (प्रकरण ३६) रोज रात्री दिवसाची झडती घेण्याची सवय सांगितली आहे. दिवा नेला, बायको बोलायची थांबली, की तो पूर्ण दिवस तपासतो आणि स्वतःपासून काही लपवत नाही. वाचायला सोपं आहे. पण वही घेऊन बसलं की पंधरा दिवसांत तिचं दोनपैकी एक होतं. एक तर ती तक्रारवही होते (अमका असं बोलला, तमकीने असं केलं), नाहीतर स्वतःला फटके मारून घ्यायचा कार्यक्रम. दोन्हींत दुसऱ्या दिवशीचा राग जिथल्या तिथे.

म्हणून नेमके प्रश्न. किती वेळ, किती प्रसंग, कोणत्या शब्दांत? सकाळी 'आज काय काय बिघडेल' हे मनात आणायचं म्हणतात, त्याची काळजी होऊ नये म्हणून काय करायचं? आणि 'हातात नाही ते सोडा' हे ऑफिसात आणि घरात लावायचं कसं? 'सगळं मनावर असतं' छापाची उत्तरं कृपया नकोत. कृती सांगा.

ओसरी

त्याच प्रकरणात सेनेका स्वतःला दोन कामं देतो, हेराचं आणि परीक्षकाचं. हेराने बातमी आणायची, निकाल परीक्षकाने द्यायचा. तुमच्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच दिसतं: बातमी आणि निकाल एकाच वाक्यात लिहिले जातात. 'त्याने मुद्दाम डावललं' यात 'डावललं' अर्धी बातमी आहे आणि 'मुद्दाम' पूर्ण निकाल. असं वाक्य एकदा कागदावर उतरलं की तपासायला काही उरतच नाही. मग राग एक तर त्याच्यावर निघतो, नाहीतर स्वतःवर.

वेळ दहा-बारा मिनिटं. प्रसंग दोन, फार तर तीन. प्रत्येक प्रसंगाला चार ओळी.

पहिली ओळ पंचनाम्याची. वेळ, जागा, कोण काय बोललं, कोणी काय केलं. विशेषणं नाहीत. 'नेहमी', 'मुद्दाम', 'साधं', 'निदान' हे चार शब्द आले की ओळ खोडून पुन्हा लिहायची. कसोटी अशी: ही ओळ समोरच्याला वाचून दाखवली, तर त्याने 'हो, एवढंच झालं' म्हणायला हवं. तो वाद घालेल असा एकही शब्द असेल तर तो शब्द दुसऱ्या ओळीतला.

दुसरी ओळ पदरच्या भरीची. आपण त्या पंचनाम्यात काय मिसळलं ते पूर्ण वाक्यात, जसंच्या तसं, लाज न बाळगता. एपिक्टेटस हा दुसरा स्टोइक गुरू आपल्या प्रवचनांत (३.८) हाच सराव घेतो. अमक्याचा मुलगा गेला. काय झालं? मुलगा गेला. आणखी काही? नाही. जहाज बुडालं. काय झालं? जहाज बुडालं. 'त्याचं वाईट झालं' ही भर प्रत्येक जण आपल्या पदरची घालतो.

तिसरी ओळ होकाराची. त्या भरीला 'खरं आहे' म्हणून कुठे मान डोलावली आणि लगेच काय केलं. चौथी पुढच्या वेळची, एकच कृती.

नमुना म्हणून सोसायटीच्या ग्रुपवरचा प्रसंग घ्या.

पंचनामा: रात्री ९:४०, सचिवांनी थकबाकीची यादी ग्रुपवर टाकली, त्यात ३०२ आहे. ३०२ ची पावती ४ तारखेची आहे.
भर: चारचौघांत माझी अब्रू काढली, आणि त्यांना हेच हवं होतं.
होकार: ९:४३ ला ग्रुपवर उत्तर. त्यात मागच्या वर्षीच्या लिफ्टच्या खर्चाचाही उल्लेख.
पुढच्या वेळी: पावतीचा फोटो आधी सचिवांना वेगळा पाठवायचा. ग्रुपवर दुसऱ्या दिवशी सकाळी, एक ओळ.

बहुतेकांची चौथी ओळ फसते. 'पुढच्या वेळी शांत राहीन' ही कृतीच नव्हे. सेनेका त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला रागाच्या तीन हालचाली सांगतो. पहिली आपोआप होते, अंगावर गार पाणी पडल्यावर शहारा यावा तशी. ती कोणालाच थोपवता येत नाही, ज्ञानी माणसालाही नाही. दुसरी होकाराची: माझ्यावर अन्याय झाला आहे, बदला घ्यायला हवा. तिसरी आवाक्याबाहेर गेलेली. 'शांत राहीन' हा पहिल्या हालचालीला दिलेला हुकूम आहे आणि ती ऐकत नाही. मग तीन दिवसांनी 'आपल्याला जमत नाही' असा निष्कर्ष निघतो. छातीत धडधडलं, कान तापले, हे वहीत दोष म्हणून लिहूच नका. वही फक्त दुसऱ्या हालचालीची.

स्वतःला फटके मारण्याबद्दल: रात्रीच्या झडतीच्या त्या प्रकरणात सेनेका स्वतःला म्हणतो की पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ करतो. आणि त्याने दिलेली उदाहरणं बघा किती बारीक आहेत. वादात तावातावाने बोललास. त्या माणसाला गरजेपेक्षा जास्त स्पष्ट सुनावलंस, त्यात तो सुधारला नाही, नुसता दुखावला. एवढंच. आयुष्याचा हिशेब तो रात्री मांडत नाही. तुम्हीही मांडू नका.

तिसरी_घंटा

चार ओळी मान्य. रात्रीची वेळ सरसकट सगळ्यांना लागू करू नये असं वाटतं. त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात (प्रकरण ९) सेनेका एक जुनी म्हण देतो, की दमलेला माणूस भांडण शोधत असतो, आणि पुढे जोडतो की भुकेला आणि तहानलेलाही. अशा अवस्थेत लिहिलेली दुसरी ओळ लांबत जाते. जेवण झाल्यावर, झोपायच्या तासभर आधी लिहावं. नंतर दिवा मालवल्यावर फक्त चौथी ओळ आठवायची. अंथरुणात फोनवर टिपून ठेवण्याचा मोह टाळा, तिथे ग्रुपही असतो.

चौथ्या ओळीत काय लिहावं, तर विलंब. रागावर सर्वांत मोठा उपाय विलंब, हे सेनेकाने दुसऱ्या भागात सरळ सांगितलं आहे. त्याला आकार द्यायचा असेल तर अथेनोडोरसची युक्ती घ्या. तो ऑगस्टस सम्राटाचा स्टोइक गुरू. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने नोंदवलं आहे की निरोप घेताना त्याने सम्राटाला सांगितलं, राग आला की ग्रीक वर्णमालेची चोवीस अक्षरं मनात म्हणून होईपर्यंत काही बोलायचं नाही, काही करायचं नाही. आपल्याकडे 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत. म्हणायची ती घाई न करता. भराभरा म्हटली तर पाच सेकंदांत संपतात आणि आपण 'ज्ञ'ला पोचताच तुटून पडतो. लेखी भांडणाला अक्षरं पुरत नाहीत. तिथे मजकूर लिहून ठेवायचा आणि सकाळी वाचून मग ठरवायचं.

आता मोजणी. एपिक्टेटस (प्रवचनं २.१८) दिवस मोजायला सांगतो: आधी रोज चिडायचो, मग एक दिवसाआड, मग दर तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या. तीस दिवस सुटले तर देवाला नैवेद्य. सवयीची अॅप इथे बिघडवतात, कारण एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणतात. त्याच्या हिशेबात चिडलेला दिवस धरलेलाच आहे, मोजायचं आहे ते दोन चिडण्यांमधलं अंतर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फक्त चिडलेल्या दिवशी फुली मारा. महिन्याअखेरीस फुल्यांमधली घरं मोजा. मात्र सलग दोन दिवस फुली आली तर सावध व्हा. त्याच प्रवचनात तो म्हणतो की अशा आवेगाचे मनावर वळ राहतात, ते पूर्ण जाऊ दिले नाहीत आणि त्याच जागी पुन्हा फटका बसला, तर वळाची जखम होते.

उंबरठा

सकाळच्या भागाबद्दल. स्टोइक रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या टिपणांतल्या दुसऱ्या पुस्तकाची सुरुवात (आज भोचक, कृतघ्न, उद्धट माणसं भेटणार) सगळीकडे फिरते. पण कामाला एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तकाचं ('एन्किरिडियन') चौथं प्रकरण जास्त उपयोगी. तिथे सार्वजनिक स्नानगृहाचं उदाहरण आहे. निघण्याआधी तिथे काय काय होतं ते डोळ्यांपुढे आणा: कोणी पाणी उडवतं, कोणी धक्के मारतं, कोणी शिव्या देतं, कोणी चोरी करतं. आणि मग म्हणा, मला आंघोळ करायची आहे आणि माझा विवेकही जागेवर ठेवायचा आहे. म्हणजे हेतू दोन. धक्का बसला की पहिला हेतू अडतो, दुसरा आपण सोडला तरच सुटतो.

मुंबईची सकाळची लोकल म्हणजे हेच स्नानगृह. 'मला ८:१२ पकडायची आहे आणि उतरेपर्यंत कोणाशी वचावचा भांडायचं नाही.' हे वाक्य जिना उतरताना म्हणायचं, प्लॅटफॉर्मवर नाही. तिथे उशीर झालेला असतो.

काळजी आणि तयारी वेगळी ठेवायला तीन मर्यादा घाला. वेळ तीन मिनिटं, घड्याळ लावून. विषय फक्त आजचा, रात्री झोपेपर्यंत जे घडू शकतं तेवढाच. आणि प्रत्येक कल्पनेला जोडीला आपलं उत्तर हवंच. दहाव्या प्रकरणात हेच आहे: जे समोर येईल त्याला तोंड द्यायला आपल्यापाशी कोणतं बळ आहे ते शोधा. कष्ट आले तर चिकाटी, अपशब्द आले तर सहनशीलता. काळजी विचारते 'होईल का?' आणि याला उत्तर नसल्याने ती गोल फिरते. तयारीत 'झालं' असं धरून 'आता मी काय करणार?' विचारायचं, आणि उत्तर मिळालं की उठायचं. 'आणि मग जर', 'आणि त्यातून जर' अशी साखळी लागली तर तिथेच थांबा. मार्कसने आठव्या पुस्तकात (४९) हीच रेघ ओढली आहे: मूल आजारी आहे हे दिसतं, ते धोक्यात आहे हे दिसत नाही.

एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणातलं मुलाचं चुंबन घेताना ते मर्त्य आहे असं म्हणण्याचं वाक्य लोक पहिल्याच दिवशी करायला घेतात. कृपा करून नको. एपिक्टेटसने त्याच प्रकरणात सुरुवात मातीच्या भांड्यापासून केली आहे: आवडतं भांडं असेल तर 'मला हे भांडं आवडतं' म्हणा, म्हणजे फुटलं तर अस्वस्थ होणार नाही. फोनची काच, नवी चप्पल, गाडीवरचा ओरखडा इथे दोन-तीन महिने काढा. अलीकडे घरात मृत्यू झाला असेल, किंवा चिंतेच्या विकारावर औषध सुरू असेल, तर हा सराव स्वतःच्या मनाने करूच नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने १९५०च्या दशकात आपली उपचारपद्धती बांधताना एपिक्टेटसचं 'माणसं घटनांनी नव्हे, घटनांबद्दलच्या मतांनी अस्वस्थ होतात' हे सूत्र पायाला घेतलं. आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. ती तज्ज्ञासमोर बसून करायची गोष्ट आहे. वहीने तिची जागा भरत नाही.

कोरा_कागद

पंचनाम्याची कसोटी लगेच लावता येईल अशी आहे. पण तिसरा प्रश्न राहिला. 'हातात नाही ते सोडा' हे ऐकवणारा बहुधा तो असतो ज्याच्या हातात सगळं असतं. पगारवाढ अडली, सोडा. वडील टाकून बोलतात, सोडा. मग हे तत्त्वज्ञान म्हणजे मान खाली घालायचं शिक्षणच ना?

दोन_कान

नाही, आणि हा गैरसमज भाषांतरातून येतो. एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातली 'आपल्या अखत्यारीतली' यादी वाचा: मत, आवेग, इच्छा, टाळणं. 'बाहेरच्या' यादीत शरीर, मालमत्ता, लौकिक, अधिकारपद. म्हणजे स्वतःचं शरीरसुद्धा बाहेर! मग स्टोइकांनी औषध घेऊ नये काय? घ्यावं. आरोग्य आणि पैसा त्यांच्या मते निवडावेत असेच आहेत, फक्त त्यांच्यावर आपलं चांगुलपण टांगू नये. बाहेरचं सोडायचं नाही, बाहेरच्या निकालावरचा दावा सोडायचा.

रोमन लेखक सिसेरोने स्टोइक मत मांडताना धनुर्धराचं उदाहरण दिलं आहे. नेम धरण्यासाठी करण्यासारखं सगळं त्याने करायचं. बाण लागणं हे निवडण्याजोगं आहे, पण त्याचं ध्येय नेम नीट धरणं. वहीत हे असं उतरवा. 'पगारवाढ मिळवणे' खोडा. त्याजागी: 'शुक्रवारपर्यंत वर्षभराच्या कामाचं एक पान, आकड्यांसह. वरिष्ठांकडे अर्धा तास मागणे. रक्कम तोंडी स्पष्ट सांगणे. उत्तर आल्यावर दोन दिवसांत पुढचं ठरवणे.' चारही गोष्टी आपल्याकडून पूर्ण होऊ शकतात. यात अर्ज, तक्रार, नोकरी बदलणं, युनियन, कोर्ट सगळं बसतं. बसत नाही ते एकच: 'त्यांनी द्यायलाच हवी, नाहीतर माझी किंमत शून्य.' सेनेका याला आणखी एक शेपूट जोडतो, 'आडवं काही आलं नाही तर जहाजाने जाईन.' आपलं 'योग असला तर' अगदी तेच आहे, पण आपण ते काम न करण्यासाठी वापरतो. ते तयारी पुरी झाल्यावर म्हणायचं.

मान खाली घालण्याबद्दल एपिक्टेटसच्या प्रवचनांतला (१.२) रोमन सिनेटर हेल्विडियस प्रिस्कस बघा. सम्राट व्हेस्पासियन त्याला सांगतो, सिनेटमध्ये येऊ नकोस. तो म्हणतो, मला सदस्य ठेवायचं की नाही ते तुझ्या हातात, पण सदस्य आहे तोवर यायला हवं. बरं, ये, पण बोलू नकोस. मला मत विचारू नकोस, मी गप्प बसेन. पण विचारणं भाग आहे. मग मला योग्य वाटेल ते सांगणं भाग आहे. सांगितलंस तर मारीन. मी अमर आहे असं कधी म्हटलं? तू तुझं काम कर, मी माझं करतो. वरिष्ठांनी 'स्टोइक व्हा' म्हटलं की हा प्रसंग त्यांना जरूर वाचायला द्या.

घराचं उत्तर छोट्या पुस्तकाच्या तिसाव्या प्रकरणात आहे. कर्तव्य नात्यावरून मोजायचं. वडील वाईट आहेत? निसर्गाने तुझं नातं चांगल्या वडिलांशी जोडलं होतं काय? वडिलांशी जोडलं. यावरून 'काहीही सहन करा' असा अर्थ काढणारे आहेत. पण मुद्दा समोरचा काय करतो तो नाही, आपली बाजू काय ती. कृती म्हणून रविवारी एक पान घ्या. डावीकडे नाती लिहा: मुलगी, सून, बहीण, शेजारीण, गटप्रमुख. उजवीकडे प्रत्येकापुढे या आठवड्यातली एक ठोस गोष्ट, समोरच्याने दाद दिली नाही तरी करता येईल अशी. 'आईला आनंदी ठेवणे' बाद. 'बुधवारी आईच्या औषधांचा डबा भरणे' चालेल. वडील टाकून बोलले तर 'या सुरात बोलणार असाल तर मी उद्या येते' असं सांगून उठणंही मुलीच्या बाजूत बसतं. मारहाण होत असेल तर प्रश्न वहीचा नाहीच, आधी तिथून बाहेर पडा आणि मदत घ्या.

माझ्या आयडीचं मूळ त्रेचाळिसाव्या प्रकरणात आहे. प्रत्येक गोष्टीला दोन कान असतात, एकाला धरून ती उचलता येते, दुसऱ्याला धरून नाही. भाऊ अन्यायाने वागला, तर 'अन्याय केला' या कानाने उचलू नकोस. 'भाऊ आहे, एकत्र वाढलो' या कानाने उचल. वहीत चौथी ओळ सुचत नसेल तेव्हा हे वापरा, तोच पंचनामा दुसऱ्या कानाने एकदा लिहून बघा. वाटणीच्या भांडणात याचा अर्थ हक्क सोडा असा नाही. वकिलाची नोटीस पाठवायच्या आधी एकदा समोर बसा, एवढाच.

पायवाट

हे सगळं स्थितप्रज्ञाचंच वर्णन नाही का? मग ग्रीसला कशाला जायचं?

दोन_कान

वर्णन जवळ आहे, कृती वेगळी. गीतेत (२.६२-६३) साखळी विषयांच्या ध्यानापासून सुरू होते: संग, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश. म्हणजे तोडायची ती चिंतनापाशी, फार आधी. स्टोइक मनावर छाप उमटू देतात आणि होकारापाशी अडवतात. एकाच वहीत दोन्ही घातलं तर रात्री कुठली कडी तपासायची हेच कळत नाही. एक महिना एक, पुढचा महिना दुसरं करून बघा.

तिसरी_घंटा

थंड पाण्याची आंघोळ आणि उपास कोणी काढला नाही हे चांगलं झालं, पण येणारच म्हणून लिहून ठेवतो. सेनेका अठराव्या पत्रात तीन-चार दिवस, कधी जास्त, अगदी साध्या अन्नावर आणि जाड्याभरड्या कपड्यांत राहायला सांगतो. कशासाठी, तर 'ज्याला घाबरत होतो ते हेच का?' हे विचारता यावं म्हणून. म्हणजे आधी भीती लिहा ('नोकरी गेली तर'), मग महिन्यातून तीन दिवस घरचं भात-आमटी किंवा भाकरी-चटणी, बाहेरचं काही नाही, रिक्षाऐवजी बस, आणि शेवटी किती खर्च झाला ते मांडा. भीतीचा आकडा प्रत्यक्षात किती मोठा आहे ते त्यातून कळतं. वजन कमी करायला केलं तर तो आहार झाला, त्याचा इथे संबंध नाही. मधुमेह असेल तर जेवणात बदल न करता फक्त खर्चाचा भाग करा. आणि फोटो टाकू नका. छोट्या पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्या प्रकरणात एपिक्टेटस म्हणतो की सराव करायचाच असेल तर खूप तहान लागली असताना गार पाण्याची चूळ भर, थुंकून टाक, आणि कोणाला सांगू नकोस.

ओसरी

कोरा_कागद, एक राहिलं. आठवड्यातून एकदा सगळ्या 'भर' ओळी एका खाली एक उतरवून काढा, फक्त त्याच. दहा-पंधरा ओळींत बहुधा दोनच वाक्यं पुन्हा पुन्हा निघतात, 'मला गृहीत धरतात' किंवा 'मीच का' अशी काहीतरी. ती दोन सापडली की सकाळची तीन मिनिटं त्यांच्यावरच घालवायची, बाकीची यादी सोडून द्यायची. आणि वही शंभर पानी घ्या, दोनशे पानी नको. जाड वही बघून माणूस निबंध लिहायला लागतो.